ताठ मान

बायको गेली आणि तिच्या शिलाई मशीनच्या टेबलावर लेकीने कॉम्प्युटर, एक दांडी आणि पायाशी दाबायच्या दोन पट्ट्या मांडल्या, तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. तीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. विमान चालवायला शिकायचं, आणि तेही घरात चपला घालून?

"खेळच ना हा?"

"सराव आहे, बाबा. शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलाय."

रविवारी बाई तिला पहिल्यांदा विमानात एकटीला सोडणार होत्या.

चार दिवस तो दारात खुर्ची टाकून बसला. पडद्यावरचं विमान दरवेळी अलगद उतरत होतं. एकदाही आपटत नव्हतं, म्हणून तर त्याला जास्तच खटकत होतं. पाचव्या दिवशी त्याने पडदा सोडून लेकीकडे पाहिलं. ती डावीकडे वळली, पुन्हा वळली. मान मात्र प्लास्टरमध्ये घातल्यासारखी.

"वळताना बाजूला कोण बघणार? तुझा काका?"

"बाजूला भिंत आहे, बाबा."

"रविवारी वरही भिंतच असणार का?"

"तिथे बघते मी!"

"म्हणजे तिथे मान वेगळी लावतेस?"

"आई असती तर असं खोदून खोदून विचारलं नसतं."

ते खरं होतं. तिने आधी दोघांना जेवायला वाढलं असतं.

रविवारी विमानांच्या मैदानावर त्याने बाईंना गाठलं. "चुगली म्हणा हवं तर. आज हिच्या मानेवर लक्ष ठेवा."

"तुम्ही पायलट?"

"बसड्रायव्हर."

बाई हसल्या नाहीत. एकटीला सोडण्याआधी त्या लेकीसोबत एक फेरी मारून आल्या.

"चारही वळणांना डोळे समोरच्या काट्यांवर," त्या म्हणाल्या. "इतके दिवस हिच्या वाटचं बाहेर मीच बघत होते, आणि मला पत्ता नाही. आज एकटीला सोडत नाही."

लेक त्याच्याकडे वळून म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही."

घरी आल्यावर ती थेट त्या टेबलापाशी जाऊन बसली. संध्याकाळी खोलीतून हाक आली. "बाबा, माझ्या डाव्या हाताला उभे राहा. तुमच्याकडे न बघता वळले तर ओरडा."

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पहिल्याच वळणाला ओरडला.

आपण बघितलं होतं, असं ती अजून म्हणते. त्याचा विश्वास नाही.