गळके फिल्टर

कॅन्टीनमध्ये पाहुण्याच्या टेबलावर कोणीतरी मुद्दाम ओला फडका टाकून ठेवला होता. त्याने तो उचलून बाजूला ठेवला आणि मुकाट्याने जेवायला सुरुवात केली.

"शुक्रवारी चालता होणार ना?" मागच्या टेबलावरून दादाने मोठ्याने विचारलं. "की धक्के मारून काढायचं?"

हशा पिकला. दादाची धाकटी बहीण हसली नाही, पण तिने दादाला गप्पही केलं नाही.

कारखान्यात डायलिसिसची यंत्रं बनायची. चाचणी विभाग बहिणीच्या हातात होता. माल नापास करताना ती कोणाची भीडभाड ठेवत नसे, म्हणून कामगार पाठीमागे तिला 'लाल शिक्का' म्हणत. पाहुणा होता समुद्रापलीकडच्या देशातला इंजिनिअर. यंत्रात रक्त फिरवणारा पंप इकडे बनायचा आणि रक्त गाळणारा फिल्टर तिकडे. दोन्ही एकमेकांशी नीट जुळतात का, हे बघायला तो दर वर्षी महिनाभर यायचा. यंदा तो आला आणि इकडच्या आणि तिकडच्या, दोन्ही महासत्तांनी एकमेकींच्या मालावर बंदी घातली. त्यालाही निघून जायला सांगण्यात आलं.

दादाला ही बंदी म्हणजे उशिरा का होईना, मिळालेला न्याय वाटत होता. बारा वर्षांपूर्वी इथला फिल्टर विभाग बंद करून ते काम पलीकडे दिलं गेलं, तेव्हा तो घरी बसला होता. मग इतकी वर्षं त्याने शाळेची बस चालवली. बंदी आल्यावर मॅनेजर साहेब स्वतः घरी आले, 'तुमच्याशिवाय जमणार नाही' म्हणाले. दादा नवा शर्ट घालून विभागप्रमुख म्हणून परत आला.

फक्त त्याचे फिल्टर गळत होते.

त्या दुपारी बहिणीने एकेक फिल्टर पाण्याच्या टाकीत बुडवून आत हवा सोडली. दहांपैकी सहांच्या तोंडाशी बुडबुडे आले. दादा शेजारीच उभा होता.

"पुन्हा बघ."

"तिसऱ्यांदा बघितलं."

"अगं, सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणूनच तिसऱ्यांदा बघितलं."

दादाचा चेहरा लाल झाला. "त्या पाहुण्याने फितवलंय तुला. माझं बरं चाललेलं तुला बघवत नाही." सगळ्यांसमोर असं म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी वहिनीने तिचा फोन उचलला नाही.

साहेबांचा मात्र फोन आला. इस्पितळांकडे पाच आठवडे पुरतील एवढेच फिल्टर उरले होते. "जरा सैल धरा," साहेब म्हणाले.

"साहेब, आत माणसाचं रक्त असणार आहे. सैल काय धरू?"

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्याच्या खोलीत गेली. तो खोक्यात कागद भरत होता. तिच्याकडे न बघताच, इतक्या वर्षांत शिकलेल्या तोडक्यामोडक्या भाषेत तो म्हणाला, "या. खूश असाल. जिंकलात तुम्ही."

"आम्ही?"

"नाहीतर कोण? आमच्याकडे यंत्रं येत नाहीत. फिल्टर कशाला लावायचे? अर्धा कारखाना बंद आहे. माझा मेहुणा घरी बसलाय."

"आणि इथे सगळे म्हणतायत, तुम्ही जिंकलात. आमचे फिल्टर गळतायत."

तो हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं. "गळणारच."

"का?"

"मी का सांगू?"

"नका सांगू. तुम्ही घरचे पंप बनवायला घेतलेत ना? कसे आहेत?"

त्याने खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "रक्तातल्या पेशी फुटतात."

"फुटणारच," ती म्हणाली.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. दादा होता. "वाटलंच मला! या चोराशी गुलुगुलु चाललंय."

"चोर?" पाहुणा उठून उभा राहिला. "मी सव्वीस वर्षांचा होतो. नोकरी मिळाली, धरली. तुम्ही नसती धरली?"

"माझी होती ती!"

"दादा, ऐक," बहीण मध्ये पडली. "तू होतास तेव्हा महिन्याला तीस यंत्रं जायची. फिल्टर स्वस्त झाला आणि दोनशे जायला लागली. पंप विभागात माणसं दुप्पट झाली. तिकडेही वाढली. इकडून उचललं आणि तिकडे ठेवलं, एवढंच नाही झालं."

"असेल. सगळ्यांचं वाढलं असेल." दादाचा आवाज चिरकला. "माझ्या हातात काय आलं? बसचं स्टिअरिंग!"

ते खरं होतं.

"ते यांनी नेलं नाही," ती म्हणाली. "वाढलेल्यातलं तुझ्यापर्यंत पोचवायचं काम आपल्या साहेबांचं होतं. त्यांनी नाही केलं. मीही त्यांना कधी विचारलं नाही."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कोणाकडेही न बघता तो म्हणाला, "फिल्टरच्या तोंडाशी गोंद मी पूर्वीसारखाच ओततो. तरी बुडबुडे धरतात."

"आधी पंपाचं सांगा," पाहुणा म्हणाला.

"आधी तू!"

दोघंही हटेनात. तेव्हा तीच बोलली. "पंपातला रोलर नळीवर घट्ट आवळू नका. स्प्रिंगवर बसवा. नळी दबली पाहिजे, चेंगरली नाही पाहिजे."

पाहुण्याने ते लिहून घेतलं. पेन खिशात टाकलं. आता तो काही बोलणार नाही, असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "आतले तंतू ओलावा धरतात. गोंदाला ओलावा लागला की फेस येतो. आधी दोन दिवस गरम हवेत वाळवा."

"पूर्वी नव्हतं वाळवावं लागत."

"पूर्वीचे तंतू वेगळे होते. बारा वर्षं झाली."

"मलाही सुचलंच असतं," दादा म्हणाला आणि दार आपटून गेला.

चौथ्या आठवड्यात फिल्टर पास झाले. बहिणीने पाहुण्याशी झालेलं बोलणं स्वतःच साहेबांना लेखी कळवलं. 'शत्रूला माहिती दिली' म्हणून तिचं प्रमुखपद सहा महिने काढून घेतलं गेलं. कॅन्टीनमध्ये आता तिच्या टेबलावर कोणी बसेना. दादाही बसला नाही. पण तिला कोणी 'फितूर' म्हटलं, तेव्हा त्याने त्या माणसाची कॉलर धरली.

वर्षभराने दोन्ही सरकारांनी वैद्यकीय मालावरची बंदी गुपचूप उठवली. तिकडचे फिल्टर परत येणार म्हटल्यावर साहेबांनी दादाचा विभाग बंद करायची भाषा सुरू केली. या वेळी बहीणभाऊ मिळून त्यांच्या केबिनमध्ये गेले. लहान मुलांना लागणारे छोटे फिल्टर कोणीच धड बनवत नव्हतं, ना इकडे ना तिकडे. दादाने नमुना टेबलावर ठेवला. "विभाग चालू राहील," तो म्हणाला, "नाहीतर मी बाहेर गेटवर बसतो, सगळ्यांना घेऊन." विभाग चालू राहिला.

छोटे फिल्टर पलीकडच्या देशातही जाऊ लागले. पहिल्याच खेपेनंतर पाहुण्याचं पत्र आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ अकरा दोषांची यादी.

दादाने ती उभ्याउभ्या वाचली. "हरामखोर! यातले चार धादांत खोटे आहेत."

"आणि बाकीचे सात?" बहिणीने विचारलं.

दादाने चष्मा पुसला, यादी घेऊन टाकीपाशी गेला आणि बाह्या वर सारल्या.