ढोलकीचा पियानो

समुद्रपूरले घरीच कॉम्प्युटरवर भीमगीत रेकॉर्ड करून राह्यलो होतो. ढोलकीचे ठोके माऊसनं एकेक टाकले, पण प्ले दाबलं की पियानो वाजे. काऊन, काही समजेना. स्पीकर बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तरी टिंगटिंगच. दोन दिवस डोकं भणाणलं. गाणारी जिजा आत्या तिच्या गाण्याच्या मंडळातल्या बायांले घेऊन तिथंच तालीम करे.

शेवटी कोणीतरी फोनवर सांगितलं, कॉम्प्युटरात तालवाद्यं दहा नंबरच्या चॅनलवरच वाजते, बाकीवर पियानो; ढोलकी दहावर ठेव. माही एकवर होती. दहा केलं अन् ढोलकी खणखणीत घुमली.

बाया गाता गाता थांबल्या.

"काऊन बिघडवलं रे?" आत्या म्हणाली. "आमची चाल त्या टिंगटिंगवरच बसली ना."

मी दहाचं पुन्हा एक केलं.