डुकरांसाठी वर केलेला हात

"मग, सभेत हात वर करणार की नाही?" मार्टीबाईंनी काचेवर बोट टेकवत विचारलं.

"तुम्ही?" सॉसेज कागदात गुंडाळत रेगुला म्हणाली.

"करणार तर! बिचारी डुकरं, जन्मभर बंद शेडमध्ये. बरं, त्यातलं स्वस्त कुठलं गं? तेच दे."

गावच्या खाटकाच्या दुकानात रेगुलाचं निम्मं आयुष्य गेलं होतं. असलं बोलणं तिला नवं नव्हतं. आमच्या ग्लारूसच्या खोऱ्यात गावच्या गोष्टी गावसभेत, सगळ्यांदेखत हात वर करून ठरतात. या खेपेचा ठराव असा होता: गावच्या जमिनीवर डुकरं पाळायची तर त्यांना उघडं अंगण आणि पेंढा द्यायलाच हवा. आणि त्या जमिनीवर डुकरं होती फक्त फ्रिडलीची. फ्रिडली म्हणजे रेगुलाच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

दुकान बंद करताना ती बहीण, डोरली, आली. "आमच्या शेजारी बस. आणि हात मांडीवरच ठेव."

"ताई, अगं..."

"अगंबिगं काही नाही. घरचीच माणसं उलटल्यावर गाव कशाला थांबेल? अंगण बांधायचं कुठून आम्ही?"

रेगुलाला ती डुकरं आठवली. मागच्या हिवाळ्यात फ्रिडलीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डुकरांना तीच खायला घालत होती. पहिल्या सकाळी दार उघडताच सगळी दाराकडे धावली. तिला वाटलं, भूक लागली असेल. पण भरलेल्या कुंडीकडे एकानंही पाहिलं नाही. गजांतून नाकं काढून ती गार वारा हुंगत उभी राहिली. दार लावणं तिला रोज जड जायचं.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. पुढच्या रांगेत फ्रिडलीचे वडील, म्हातारे कास्पर, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ती शेड त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. शिक्षिका ठरावाच्या बाजूनं बोलली, मग एक शेतकरी तावातावानं विरुद्ध बोलला. त्यानंतर रेगुला उभी राहिली.

"अंगण हवंच. पण सगळा भार एकट्या भावजींवर का? जमीन गावची आहे. लाकूड गावच्या जंगलातलं द्या, बांधायला सगळे या." ती थांबली. "आणि आज हात वर करणाऱ्यांनी शनिवारी माझ्याकडे स्वस्तातलं मागायचं नाही!"

मार्टीबाईच सगळ्यांत मोठ्यांदा हसल्या.

अध्यक्षांनी तिच्या दुरुस्तीसकट ठराव मताला टाकला. माणसं आधी शेजारी बघत, मग हात वर करत. रेगुलानं मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. तिचा हात वर गेला तशी शेजारी डोरली अंग चोरून सरकली. फ्रिडलीचे हात मांडीवरच होते. मोजायची गरजच पडली नाही, ठराव मंजूर झाला.

बाहेर फ्रिडली सायकलींपाशी उभा होता.

"भावजी, रागावलात?"

"तर काय! मेव्हणी आहेस की वैरीण?" मग त्यानं टोपी काढली आणि कपाळ पुसलं. "खरं सांगू? अंगणासाठी शेडची भिंत मी आपणहून पाडली असती, तर बाबांनी माझं तोंड पाहिलं नसतं. आता गावानंच पाडायला लावली. माझा काय इलाज?"

रेगुलाला हसू आलं आणि रडूही. कितीतरी दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

"उद्या जेवायला ये," डोरली तिच्याकडे न बघता म्हणाली. "बोलणार नाहीये मी. पण ये."

एवढ्यात लक्षात आलं, कास्परकाका कुठंच नाहीत. कुणाशी एक शब्द न बोलता ते सभेतून निघून गेले होते. तिघंही धावत शेडकडे गेली.

म्हातारा भिंतीशी उभा होता. काठीच्या टोकानं विटा ठोकत, कान देत, तो हळूहळू पुढं सरकत होता. मुलाची चाहूल लागली तरी त्यानं मागं पाहिलं नाही. एका जागी काठी थांबली.

"इथून फोडा," तो म्हणाला. "इथं मी लोखंड घातलेलं नाही."