सिंधूची कलती मान

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरून सिंधू पडली आणि तिच्या डोक्याला मार लागला. थोडा वेळ शुद्ध हरपली, दोन दिवस ओकाऱ्या झाल्या. मग पोर पुन्हा हुंदडायला लागली. फक्त मान डाव्या खांद्याकडे कलती राहिली. वडिलांना, सुकदेवला, वाटलं, खोड लागली असेल. आई लताबाई जाता-येता तिची मान सरळ करायची; हात काढला की मान पुन्हा तिथंच.

जूनमध्ये सिंधू पाचवीत गेली. पिंपळनेरच्या शाळेसाठी एस.टी.चा पास हवा आणि पासावर फोटो. सुकदेव तिला नूर महंमदच्या स्टुडिओत घेऊन गेला.

"बेटी, मान सरळ," कॅमेऱ्यामागून नूर महंमद म्हणाला.

तीनदा सांगूनही मान कललीच. सुकदेव खेकसला, "नीट बस ना!"

"बाबा, मान सरळ करी का माले दोन चाचा दिखतस. एकवर एक!"

सुकदेवला हसू फुटलं. नूर महंमद मात्र हसला नाही. चौथीच्या वर्गाचा फोटो त्यानंच डिसेंबरात काढला होता, तो त्यानं शोधला. त्यात सिंधूची मान ताठ होती.

"सुकदेवभाऊ, ही खोड नाही. धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा."

धुळ्यात देवपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सिंधूच्या डोळ्यांसमोर पेन्सिल वर-खाली, आडवी फिरवली.

"डोळा फिरवणारी एक बारीक नस मारानं दुखावलीय," त्या म्हणाल्या. "मान कलती केली की हिला एकच दिसतं. पोरीनं आपला उपाय आपणच शोधला."

"आन् आमी रोज तिनी मान सरळ करी!" सुकदेव ओशाळला. "बरी होईल का बाई?"

"बहुतेक आपोआप होईल. सहा महिने बघू, नाहीतर ऑपरेशन आहे. तोवर वाचताना एक डोळा झाकायचा."

लताबाईनं पोलक्याच्या उरलेल्या हिरव्या कापडाची पट्टी शिवली. वर्गातल्या पोरींना ती इतकी आवडली की मधल्या सुट्टीत आळीपाळीनं प्रत्येकीच्या डोळ्यावर चढायची.

दिवाळीपर्यंत मान निम्मी सरळ झाली. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पेन्सिल धरली.

"किती?"

"एकच! हाई बी एक, ती बी एक!" सिंधूनं टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली मोजून दाखवल्या.

धुळ्याच्या स्टँडवर सुकदेवनं आनंदात गरम भजी घेतली. खाण्याच्या नादात घराकडे नेणारी साक्रीची गाडी गेली.

"जाऊ दे," तो म्हणाला, "दुसरी येई."

सिंधू बाकावर पाय हलवत येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्यानं वाचत राहिली. सुकदेवला वाचता येत नव्हतं. तो नुसता ऐकत बसला.