हरण्याचा कान

आत्माराम कोयती घेऊन भावजयीच्या गोठ्यात शिरला, तेव्हा त्याच्या मनात कुणाबद्दल वाईट असं काही नव्हतं. त्याला फक्त एक कान हवा होता.

झालं असं, की सरकारनं दुष्काळ आणि जनावरांचे रोग यांच्यासाठी तातडीचा निधी जाहीर केला. संगमेश्वराच्या या बाजूला पाऊस एवढा, की दुष्काळ दाखवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. रोग मात्र आपणहून आला. लंपीनं आत्मारामच्या सरज्या बैलाच्या अंगभर गाठी उठल्या, आणि पहाटे तो फेस गाळत, पाय झाडत, गोठ्याची अर्धी भिंत पाडून मेला. मदत मिळणार होती ती कानात सरकारी बिल्ला असलेल्या जनावराची. सरज्याचे दोन्ही कान कोरे. चिखलनांगरणीच्या स्पर्धेत उतरणारा बैल तो. त्याच्या कानाला भोक पाडणं म्हणजे नवरदेवाला बेडी घालून मांडवात नेणं, असं म्हणत आत्मारामनं बिल्लेवाल्यांना अंगणातूनच हाकललं होतं.

जोडीतला दुसरा बैल, हरण्या, शेजारच्या घरातल्या विधवा भावजयीचा, येसूबाईचा. तिनं बिल्ला मुकाट मारून घेतला, कारण स्पर्धेची ढाल तशीही दिराच्याच घरात जायची. हरण्याही आजारी होता, पण आता उभा राहून पेंढ्याला तोंड लावत होता. दोन्ही बैलांचा रंग एक, शिंगांची ठेवण एक. बिल्ला नुसता काढायला गेलं तर तुटतो. तेव्हा तो कानासकट न्यावा, एवढंच आत्मारामचं म्हणणं.

येसूबाई शेण ओढत होती. त्यानं तिला सगळं शांतपणे समजावलं; बैल काही कानानं नांगरत नाही, हेही सांगितलं.

"भावजी, आधी तुमचा कापून बघूया," ती म्हणाली. "चाललं तर याचा."

तो हसला आणि त्यानं हरण्याचा कान धरला. तिनं खोरं उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. त्यानं न वळताच कोपर मारलं. तिचा ओठ फुटला. कोयतीचा पहिला घाव बैलाच्या मानेवर गेला, दुसऱ्याला कान हातात आला. रक्ताची चिळकांडी आढ्यापर्यंत उडाली. बैलानं मान खाली घातली, शिंग आत्मारामच्या मांडीत रुतवलं आणि त्याला उचलून गव्हाणीवर आपटलं. वर येसूबाईनं खोऱ्याच्या दांड्यानं त्याच्या मुठीवर इतके तडाखे दिले, की दोन बोटं उलटी वळली. मूठ काही सुटली नाही.

पंचनाम्याला आलेल्या गुरांच्या डॉक्टर नम्रताबाईंना तो असा, माणसांनी उचलून, खड्ड्याच्या काठावर आणलेला मिळाला. खड्ड्यात सरज्या उतरवून झाला होता. बाईंनी आधी आत्मारामची मांडी करकचून बांधली आणि गाडी बोलावली. गाडी राहू द्या, आधी पंचनामा करा, असा आत्मारामचा हट्ट. हा कान सरज्याचाच, मघाशी गळून पडला होता, असंही त्यानं सांगितलं. बाईंनी त्याच्या मुठीतून डोकावणाऱ्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर टाकला आणि सांगितलं, की हा बैल येसूबाईंच्या नावावर आहे. मेला म्हणून लिहिला तर मदत त्यांच्या खात्यात जाईल. आणि मग कागदोपत्री तो मेलाच समजायचा. पुढे त्याला ना औषध, ना बाजार, ना स्पर्धा.

एवढ्याशा बिल्ल्यात भावजयीचं नाव लपलं असेल, हे आत्मारामच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तो खचला नाही. "लिवा बाई," तो म्हणाला. "वयनी मला काढून देईल. घरातलाच मामला हाय. वयनी, सांग की."

येसूबाईनं गोठ्याकडे पाहिलं. हरण्या मान झटकत होता. झटक्यागणिक भिंतीवर रक्त उडत होतं. ती खाली बसली, दिराची मोडलेली बोटं एकेक करून उघडली, कान काढून घेतला आणि सरज्याच्या पोटावर टाकला.

"माझा बैल जिता हाय," तिनं बाईंना सांगितलं. "त्याला टाके घाला."

बाई पेटी घेऊन गोठ्याकडे वळल्या, तोवर मागे काहीतरी धपकन पडलं. आत्माराम ढोपरांवर सरकत खड्ड्यात उतरला होता आणि फुगलेल्या बैलावर पालथा पडून चाचपत होता. मांडीची पट्टी सुटली. वर उभी असलेली माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. हात द्यायला वाकले त्यांना त्यानं शिव्या घातल्या. कान मिळाल्याशिवाय वर येणार नव्हता.

येसूबाईनं मेलेल्या बैलावर टाकायला आणलेलं चुन्याचं पोतं फोडलं.

"भावजी, वर या. डोळ्यांत जाईल."

तो आला नाही. मग तिनं खोरं भरलं आणि बैलाच्या शेपटीकडून सुरुवात केली.