बिनदिव्याचं ग्लायडर

लुकलुकणाऱ्या दिव्यानं मनोहररावांना पार वेड लावलं होतं. सावनेर रोडवरच्या फ्लाइंग क्लबचे ते मुख्य शिक्षक. १९७४ च्या हिवाळ्यात क्लबची दोन विमानं हवेत एकमेकांना घासता घासता वाचली, तेव्हा टक्कर टाळायला काय बसवायचं यावर बैठक भरली.

"भडक नारंगी पट्टे रंगवू," सेक्रेटरी भैयाजी म्हणाले. "इंजिनवाल्यालेही चालते, बिनइंजिनाच्या ग्लायडरलेही. दिव्याले बॅटरी लागते. ग्लायडरमध्ये ती कुठून आणता?"

"विमान आहे का वरातीतला घोडा?" मनोहररावांनी उडवून लावलं. "ग्लायडरचं पुढच्या वर्षी पाहू."

मंडळी खो खो हसली आणि भैयाजींचं म्हणणं तिथंच बारगळलं. हशा मिळालेला माणूस मग कुणाचं ऐकतो थोडंच! इंजिनवाल्या विमानांच्या पाठीवर लाल दिवे चढले. ते दुरूनही दिसत, आणि मनोहरराव जाम खूश होते.

पुढं एका रविवारी ते एकटेच उडाले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लाल लुकलुक कुठंच नाही. आकाश मोकळं समजून ते निवांत पुढं निघाले, आणि एकाएकी समोरची काच पांढऱ्या पंखानं भरून गेली. पंखावरचं ठिगळसुद्धा दिसलं, इतकं जवळ! हातानं आपोआप दांडा पुढं ढकलला. विमान खाली कोसळल्यागत झालं आणि डोक्यावरून सावली सरकली.

ग्लायडरमध्ये कोण होतं ते त्यांना ओझरतं दिसलं होतं. शामला. त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांनीच उडायला शिकवलेली.

विमान कसं उतरवलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पाठोपाठ ग्लायडर उतरलं. शामला चालत आली तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"बाबा, तुम्ही वाट काहून नाही दिली?"

इंजिनवाल्यानं ग्लायडरला वाट द्यायची, हा नियम त्यांनीच तिला पढवला होता.

"तुले मी दिसलो नाही का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"दिसले ना! दिवा दुरूनच दिसला. मले वाटलं, बाबाच आहेत, पाहूनच राहिले असतील मले. म्हणून तर मी वळली नाही."

भैयाजी आणि बाकीची मंडळी धावत येऊन भोवती उभी होती. आता कुणी हसत नव्हतं.

"मी दिवा शोधून राहिलो होतो वं," मनोहरराव म्हणाले. "तू मले दिसलीच नाही."