खिडकी असलेली खोली

बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येणार होता आणि नसीबा सकाळपासून धास्तावली होती. चहात तिने दोनदा साखर घातली. नवरा, फखरुद्दीन, तो चहा तसाच प्यायला. त्याचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं.

घर विकायचं होतं ते जोहासाठी. आजूबाजूच्या कापड विणणाऱ्या लूमची रुई हवेतून घरात यायची आणि नऊ वर्षांच्या पोरीला दमा जडला होता. घर बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खारबावला फखरुद्दीनच्या चुलतभावाशेजारी मोकळ्यावर एक घर ठरलंही होतं, पण हे विकल्याशिवाय ते हाती येणार नव्हतं. कोन गावच्या विनिताने हा फ्लॅट पसंत केला होता, दोन बेडरूमचा म्हणून. आता तिला कर्ज देणाऱ्या बँकेनेही तसंच म्हणायला हवं होतं.

गोची अशी, की आतल्या खोलीला खिडकीच नव्हती. पूर्वी होती. मग शेजारच्या कारखानदाराने मजला चढवला तो जेमतेम वीतभर जागा सोडून, आणि त्या फटीतून रुई आत पडायला लागली. दोन वर्षांपूर्वी फखरुद्दीनने ती खिडकी विटांनी बुजवली, वर गिलावा केला आणि मोठा पराक्रम केल्यासारखा मोहल्लाभर सांगत फिरला. आता त्याच जागी त्याने जाड पडदा टांगला होता. पडद्याला लागून पलंग, पलंगावर जोहा. आजारी पोरीच्या अंगावरून वाकून पडदा कोण बाजूला करणार, हे त्याचं डोकं. असल्या कामात त्याचं डोकं भारी चालायचं.

"साहेब पडद्याकडे निघाले की खोकायचं," त्याने जोहाला पढवलं. "जोरात."

नसीबाला ते मुळीच आवडलं नव्हतं. पण खारबावची मोकळी हवा तिलाही हवीच होती, म्हणून तिने पडदा नीट सारखा केला.

बँकेचे रामनाथ साहेब आले. पाठोपाठ विनिता. साहेब सावकाश, शांतपणे एकेक खोली मोजत होते.

"बेडरूम कशाला म्हणता तुम्ही, साहेब?" विनिताने सहज विचारलं.

"नुसता पलंग टाकला म्हणून होत नाही, ताई. बाहेर उघडणारी खिडकी पाहिजे. उजेड, वारा पाहिजे. नाहीतर आमच्या हिशेबी ती स्टोअररूम."

"इथं हाय की खिडकी," पडद्याकडे बघत विनिता म्हणाली. "ही खोली आमच्या सासूबाईंना देनार. दार लावलं की लूमचा आवाज पन येत न्हाय."

साहेब पडद्याकडे वळले आणि जोहा खोकली.

"पोरगी बीमार हाय साहेब, वारा नको लागायला," फखरुद्दीन लगबगीने पुढे झाला. साहेब ओशाळून थांबले. जोहा खोकतच राहिली. फखरुद्दीनने डोळ्यांनीच तिला खुणावलं, शाब्बास, आता पुरे.

पण खोकला थांबेना. नसीबालाही क्षणभर वाटलं, पोर जरा जास्तच करतेय. मग तिला ती शीळ ऐकू आली, श्वास आत ओढताना छातीतून येणारी. त्या पडद्याची धूळ! जोहाचे ओठ निळे पडत होते आणि तिची बोटं चादर ओरखडत होती.

"हे खोटं नाय!" नसीबा किंचाळली. "पंप आणा! हवा द्या तिला!"

फखरुद्दीन औषधाचा पंप आणायला धावला. नसीबाने पलंगावर उडी घेतली, पडदा ओरबाडला आणि खिडकी उघडायला दोन्ही हात जिवाच्या आकांताने पुढे लोटले. ते गिलाव्यावर आदळले. तिने पुन्हा धडक दिली. तिथे खिडकी नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीही ती भिंत ढकलत राहिली.

विनितानेच जोहाला उचललं आणि बाहेर गॅलरीत नेलं. तिथे फखरुद्दीनने पंपाचे फवारे मारले, तशी हळूहळू पोरीच्या ओठांवर लाली आली.

"भाभी, ही रोज तिथंच झोपते?" विनिताने विचारलं.

"हो."

"दार लावून?"

"आवाज येतो म्हणून," नसीबा म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून हादरली. दोन वर्षं रोज रात्री तीच ते दार ओढून घेत होती. एखाद्या रात्री ही शीळ दाराबाहेर ऐकूच आली नसती तर? सकाळची बँकेची भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. तिने जोहाला आपल्याजवळ ओढून घेतलं.

फखरुद्दीन चाचरत म्हणाला, "साहेब, त्या खोलीचं असं हाय, की..."

"स्टोअररूम लिवा, साहेब," नसीबा म्हणाली.

विनिताने नकारार्थी मान हलवली. आता ती हे घर घेणार नाही, हे सगळ्यांनाच कळलं.

"तुमच्या भावाला फोन लावा," नसीबा नवऱ्याला म्हणाली. "आज रात्री मी नि जोहा खारबावला निजणार. त्यांच्या ओट्यावर जागा मिळाली तरी चालेल."

"पण घर विकल्याबिगर..."

"घर विकंल तवा विकंल. हिला मी त्या खोलीत निजवणार नाय."

फखरुद्दीनने खिशातून फोन काढला आणि भावाचा नंबर लावला.